तात्या, दार कुठल्याही भिंतीत बसतं!

तात्या, आधी बातमी. रडणं, आठवणी, आपलं अर्धवट राहिलेलं भांडण, सगळं नंतर. आज सकाळी मरियमचा व्हिडिओ आला. आठ घरं उभी राहिली! आणि आठही घरांची दारं तिथल्या लोकांनी आपल्याला हवी त्या बाजूला बसवली. ऐकताय ना? भिंती एकाच मापाच्या, पाना एकच, आणि दार कुठल्याही भिंतीत. तुम्ही म्हणत होतात तसं. म्हणजे अगदी तुम्ही म्हणत होतात तसंच नाही झालं, पण त्यावर मी येणारच आहे, सोडणार नाही.

तुम्हाला जाऊन उद्या महिना होईल. खाली काकूंनी उद्यासाठी डाळ भिजत घातलीय आणि मी वरच्या मजल्यावर लिहायला बसलेय. तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं तुमच्या ओळखीतल्या दोघातिघांनी मला सांगितलं होतं. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण. ती सगळी माहिती काकूंनी त्यांना देऊन टाकली, ती छापून येईल. मला ती पानं जमेनात. दर वेळी पहिल्या ओळीत ‘तात्या होते’ असं लिहायचे आणि पुढे हात हलायचा नाही. आज व्हिडिओ पाहिला आणि वाटलं, लोकांना कशाला सांगत बसू, तुम्हालाच सांगते.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीत तुमची भाडेकरू झाले. पहिल्या दिवशी तुम्ही अंगणात पाटाचा पाय बसवत होतात. मी काय करते ते विचारलंत. मी ऐटीत सांगितलं, स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, कारखान्यात भिंती-छप्पर तयार करून जागेवर नुसते जोडायचे, अशा खोल्या बनवणाऱ्या कंपनीत. तुम्ही चष्म्याच्या वरून पाहिलंत.

‘‘म्हणजे डबे बनवतीस.’’

‘‘डबे नाही तात्या, घरं.’’

‘‘बघू की. दार कुठं ठेवायलीस ते सांग, मग ठरवू घर का डबा.’’

मला इतका राग आला होता! जामबागच्या शाळेत आयुष्यभर पोरांना सुतारकाम शिकवलेला एक निवृत्त मास्तर मला घर म्हणजे काय ते सांगतोय! नवऱ्याला म्हटलं, घरमालक आगाऊ आहे, अकरा महिन्यांनी दुसरीकडे बघू. त्या अकरा महिन्यांची सहा वर्षं झाली.

मग गेल्या वर्षी ते काम आलं. लढाईत सगळं गाव जमीनदोस्त झालेलं, लोक तंबूत राहतायत, त्यांच्यासाठी घरं. गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही. मरियमनं तशी विनंती केलीय, तिथे अजून पुरतं शांत नाही. मरियम तिथलीच इंजिनियर, तिचं स्वतःचं घरही त्यात गेलं. गावाबाहेर लाकूड कापायचं एक यंत्र शाबूत राहिलं होतं. आमच्या कंपनीनं नकाशे पाठवायचे, तिथे त्यांच्या लाकडातून भाग कापायचे, आणि राहणाऱ्यांनीच ते जोडायचे. अटी तीन होत्या. कुठलाही भाग दोन माणसांना उचलता यावा, सगळं एकाच पान्यानं आवळता यावं, आणि एक घर एका दिवसात उभं राहावं. परदेशातली मदत संस्था, मोठे लोक, कडक मुदती. मी हुरळून गेले होते. पहिला नकाशा साहेबांच्या आधी तुम्हाला दाखवला, हे मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि माझ्या नकाशातले पाच प्रकारचे बोल्ट खोडून एकच ठेवलात. ‘‘पाच प्रकार कायकू? एक हरवला की घर थांबलं. एकच ठेव, चार जादा दे.’’ पॅनेलला हात घालायला खाचा तुम्हीच सुचवल्यात, त्याही बाईच्या हाताच्या मापानं. अफझलगंजला बिजागऱ्या बघायला आपण दोघं गेलो होतो ते आठवतंय? तिसऱ्याच दुकानातला टक्कल पडलेला मालक तुम्हाला बघून गादीवरून उठून उभा राहिला. ‘‘मास्टरसाब! मेरेकू रंधा मारना आपीच सिखाए ना!’’ मग तुम्ही त्याचा तळहात उलटा करून पाहिलात आणि म्हणालात, ‘‘घट्टे गेले तुझे. नुसता बसून खायलास.’’ त्याला कुणासाठी घर ते सांगितल्यावर त्यानं आतून एक जुनी पितळी बिजागरी काढून दिली, नमुना म्हणून, दोन्ही बाजूंना लागणारी. तुम्ही ती परतीच्या वाटेवर रिक्षात सारखी उघडत-मिटत होतात. मी म्हटलं, एकाच बाजूची पुरे, दार नकाशात ठरलेलंय, रस्त्याकडे. तुम्ही बिजागरी दुसऱ्या बाजूला उघडलीत. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

आणि मग जामबागच्या मैदानातली चाचणी. आता हसू येतं, तेव्हा मला घाम फुटला होता.

नियम माझाच होता. ज्यांनी कधी पाना धरला नाही अशा माणसांनी दोन घरं शेजारी शेजारी उभी करून दाखवायची. तुम्ही म्हणालात, माणसं मी आणतो. मला वाटलं, शाळेतले शिक्षक वगैरे आणाल. तुम्ही आणलंत काकूंचं अख्खं भजनी मंडळ! शिवाय कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या लक्ष्मीअम्मा. एका घराच्या म्होरक्या काकू, दुसऱ्याच्या लक्ष्मीअम्मा. फोनच्या पडद्यावर तिकडून मरियम आणि संस्थेचा एक गंभीर अधिकारी बघत होते.

काकूंच्या तुकडीनं नकाशा वाचून दार रस्त्याकडे लावलं. लक्ष्मीअम्मांनी नकाशा गुंडाळून केसांच्या गजऱ्यासारखा बाजूला ठेवला आणि दाराचं पॅनेल सरळ काकूंच्या घराच्या बाजूला नेलं. ‘‘इटु पेट्टु, इटु!’’ इकडे लाव, इकडे. सगळ्या जणी तिकडे. त्या भिंतीत माझी तिरपी पट्टी होती, वारं आलं तर घर तिरकं होऊ नये म्हणून. ती आड आली. तर यांनी ती काढून गवतावर ठेवली, दाराच्या बोल्टांची भोकं जुळेनात म्हणून दार सुतळीनं बांधलं, आणि टाळ्या वाजवल्या! मग काकू स्वतःच्या घराकडे बघून म्हणतात, ‘‘अगं, आपलंच चुकलं. दारं समोरासमोर नकोत का? मग चहाला हाक कशी मारायची?’’ आणि त्यांनीही आपलं दार उपटायला घेतलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि लक्ष्मीअम्मांचं घर डुललं. खरंच डुललं, तात्या. पडद्यावरचा अधिकारी पुढे वाकला. आणि तुम्ही? तुम्ही मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून खदखदून हसत होतात.

तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, ‘‘तात्या, ही शाळेतली हस्तकला नाही! हे पडलं तर माणसं मरतील!’’

तुमचं हसू थांबलं. पेन्सिल कानावर ठेवलीत. ‘‘हौ. बराबर आहे,’’ इतकंच म्हणालात, आणि एकटेच रिक्षा करून घरी गेलात. ज्या शाळेत तुम्ही जन्मभर हस्तकला शिकवली तिच्याच मैदानात मी हे बोलले. वाक्यातलं दुसरं अर्धं खरं होतं. पहिलं अर्धं माझ्या तोंडून निघालं याची मला आजही लाज वाटते. त्याबद्दल तुमची माफी मागायची राहिली. आज उद्या करत राहिले, मग तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलायला लागलात, आणि मला वाटलं, मिटलं.

चार दिवस तुम्ही जिन्यात भेटलात तरी नुसते ‘हां’ करून जायचात. पाचव्या दिवशी काकू ताटलीवर रुमाल झाकून वर आल्या. मला वाटलं वड्या असतील. रुमालाखाली जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं छोटंसं घर होतं, गणपतीची अर्धी सोंड एका भिंतीवर, कुणाचा तरी शुभमुहूर्त दुसऱ्या. चारही भिंती काढता-घालता येत होत्या आणि दाराची भिंत कुठेही बसत होती. सोबत चिठ्ठी: ‘तुझी तिरपी पट्टी तेवढी हलव, मग बोलू.’

पट्टी हलेना. मी खरंच प्रयत्न करत होते, तुम्हाला वाटत होतं मी हट्टानं बसलेय. प्रत्येक भिंतीला जादा पट्टी दिली तर भाग जड होत होते, दोन माणसांना उचलेनात. म्हणून मी जिन्यात उभी राहून वाद घालायचे. थंडी तोंडावर आलीय, लोक तंबूत आहेत, एक साधं घर झटपट द्या, दाराच्या दिशेवरून चर्चा कसली? आणि तुम्ही एकदा आवाज अजिबात न चढवता म्हणालात, ‘‘तंबूतल्या माणसाला कुणी काहीच विचारंना, पुणेवाली. जेवायचं कधी, पाणी कधी, झोपायचं कुठं, सगळं दुसरेच ठरवायलेत. एक दार तरी विचार की त्याला.’’

मी म्हटलं, गणित बसत नाही. ते खरंही होतं.

आता तो मंगळवार. काकूंची बहीण आली होती, बेकरीतली बिस्किटं घेऊन. तुम्ही तीन खाल्लीत, डॉक्टरांनी एक सांगितलेलं असताना. मग चित्र काढायला कागद हवा म्हणून बिस्किटांच्या खोक्याची एक बाजू टर्रकन फाडलीत. मी समोर चहा पीत बसले होते. उरलेलं खोकं हातात घेऊन सहज दाबलं, तर ते लगेच तिरकं झालं. एक भिंत गेलेली, होणारच. मग झाकण लावलं आणि पुन्हा दाबलं. हलेना! तीन भिंती आणि वर घट्ट झाकण, खोकं ताठ. फाडलेली बाजू कुठलीही असो. मी इतके महिने भिंतींत शोधत होते आणि उत्तर छपरात होतं! छपराचे सुटे तुकडे एकमेकांना नीट बांधून एकसंध केले, आणि ते चारही भिंतींना धरून ठेवलं, की एका भिंतीतली तिरपी पट्टी काढता येते. कुठल्याही एका.

मी चहा अर्धा टाकून उठले. तुम्ही विचारलंत, ‘‘काय झालं गं?’’

मी म्हटलं, ‘‘काही नाही, गॅसवर दूध आहे.’’

हे मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. गॅसवर दूध आहे! सहा वर्षं तासन्‌तास वाद घालून माणसाशी शेवटचं काय बोलावं, तर हे. मला खात्री करायची होती. आकडेमोड न करता तुमच्याकडे आले असते आणि चूक निघाली असती, तर तुम्ही महिनाभर चिडवलं असतंत. बुधवार-गुरुवार मी खाली उतरलेच नाही. गणित बसलं. छपराच्या प्रत्येक सांध्यावर एक लाकडी पट्टी, चारही भिंतींना भोकं एकाच मापात, आणि तेच बोल्ट, बस्स. चाचणीतलं एक घर तुम्ही मागच्या अंगणात आणून त्यात आपलं सुतारकाम मांडलं होतंत. ठरवलं, रविवारी त्या खोलीच्या छपराला पट्ट्या लावायच्या आणि तुमच्या डोळ्यांदेखत दार फिरवून दाखवायचं. पट्ट्या कापूनही आणल्या होत्या. शुक्रवारी सकाळी तुम्ही पेपर वाचता वाचता गेलात.

त्या रविवारी दुपारी मी काकूंजवळ बसले होते. साहेबांचा फोन आला, मंजूर झालेला जुना नकाशाच बुधवारी पाठवून द्या, आता बदल नकोत. मी ‘बरं’ म्हटलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. तुम्ही नाही, तर भांडायचं कुणाशी आणि कशासाठी? काकूंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मग त्यांनी तुम्ही मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

दंगलींच्या धामधुमीत तुमच्या वडिलांनी बिऱ्हाड उचलून गाव सोडलं तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात. निर्वासितांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या, ओळीमागे ओळ. सगळी दारं एका बाजूला. ‘‘ते सांगायचे, दारात बसलं की समोरच्या खोलीची पाठ दिसायची. पुढच्या दारात बसलेल्या बाईलाही पाठच. त्यांच्या आईला आठ महिने कुणाचं तोंड दिसलं नाही बघ. पुढं आपला मुलूख, आपली माणसं सगळं गेलं त्याचं त्या बोलायच्या नाहीत. त्या पाठीचं बोलायच्या.’’

तात्या, हे मला सांगायला काय झालं होतं? पहिल्याच दिवशी पाटाचा पाय बसवताना सांगितलं असतंत तर मी वाद घातला असता का? घातला असता बहुतेक. पण वेगळा घातला असता. तुम्ही मला हळवी करून जिंकायला तयार नव्हतात, गणितावर जिंकायचं होतं तुम्हाला. मास्तर तो मास्तर.

सोमवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले. पाना खिडकीतच होता, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. भिंतींना नव्या मापानं भोकं पाडली, छपराला पट्ट्या आवळल्या. दाराच्या भिंतीतला सगळा तिरपा आधार काढून टाकला, खोक्याची एक बाजू फाडली होती तशी. आता ओढून बघायला माणसं हवीत. आणि घरात कोण? तुमच्यासाठी डोळे पुसायला आलेलं भजनी मंडळ! मी चाचरत विचारलं. एक जण म्हणाली, सुतकात हे बरं दिसतं का? काकू आतून म्हणाल्या, ‘‘त्यांचंच काम आहे. ओढा.’’

दोर बांधला. सात जणी एका बाजूला, पदर खोचून. लक्ष्मीअम्मा सगळ्यांत पुढे. ओढलं. पुन्हा ओढलं. लक्ष्मीअम्मांनी शेवटी भिंतीला पाठ लावून ढकललं. हललं नाही! एक केसभरसुद्धा नाही! मी ओरडले, मग सगळ्या ओरडल्या, शेजारचे गच्चीतून बघायला लागले की मयताच्या घरात हा काय गलका. आणि मग आम्ही सगळ्या एकदम रडलो. त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा, तुमच्या रंध्याच्या भुशात बसून.

दोरानं ओढून घर पास होत नाही, हे मलाही कळतं. आकडेमोड मरियमला पाठवली, ऑफिसात दोघांकडून तपासून घेतली. साहेबांशी भांडले. तुमच्याशी भांडायचे तितकं गोड नाही, बरंच कडू. शेवटी त्यांनी आठ घरं दिली. आठ घरं नव्या पद्धतीनं बांधा, वेळ वाया गेला तर बाकीची शेकडो जुन्या नकाशानं होतील आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. म्हणजे तुमचं सगळं म्हणणं त्या आठ घरांवर टांगलेलं होतं. गेले तीन आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपतेय.

तर आता ऐका, त्या व्हिडिओत काय आहे.

मधोमध एक तुतीचं झाड आहे, एका बाजूनं जळालेलं, दुसऱ्या बाजूला पालवी. त्याच्याजवळ पाण्याचा नळ. भोवती आठ घरं. मरियम कॅमेरा फिरवत चिडून सांगतेय की घरं तर दिवसाला एक अशी ठरल्याप्रमाणे झाली, पण दारं कुठे लावायची यावर लोकांनी एक अख्खा दिवस वाद घातला. अख्खा दिवस! म्हातारे, बाया, सगळे. मी लगेच फोन लावून विचारलं, मग संस्था काय म्हणाली? ती म्हणाली, अधिकारी घड्याळ बघत उभा होता, शेवटी एका आजोबांनी त्यालाच मध्ये ओढलं आणि विचारलं, तू सांग, नळाकडे की झाडाकडे? मग तोही वाद घालायला लागला. तंबूत आल्यापासून ही माणसं एवढ्या मोठ्या आवाजात कधी बोलली नव्हती, असं मरियम म्हणते. बाकीची घरंही अशीच होणार आहेत, तात्या. मंजुरी आली! एक दिवस जादा धरून.

पाच घरांची दारं झाडाकडे, समोरासमोर. ती तुमची.

दोन घरांची दारं एकमेकांकडे पाठ करून! दोन जावा आहेत, लढाईच्या आधीपासून बोलत नाहीत. त्यांनी निक्षून सांगितलं, हिचं तोंड मला सकाळी बघायचं नाही. हे तुमच्या हिशेबात होतं का? नव्हतं! तुम्हाला वाटलं होतं सगळे गळ्यात गळे घालतील. चुकलात की नाही? कबूल करा. बरं, तुमचं उत्तरही मला ठाऊक आहे. मरियम सांगत होती, त्यातल्या एकीनं काल हळूच विचारून ठेवलंय, पाना कुणाकडे असतो म्हणून.

आणि आठवं घर. त्याचं दार झाडाकडे नाही, नळाकडे नाही. रस्त्याकडे. माझ्या मूळ नकाशात होतं अगदी तिथेच. मी आनंदानं ओरडले, एक तरी माझं! मरियमला विचारलं, हे एकच रस्त्याकडे का? म्हणाली, तिथे एक बाई राहते. त्या बाईचा मुलगा अजून परत आलेला नाही. तो येईल तेव्हा रस्त्यानं येईल, आणि दार उघडं दिसलं पाहिजे.

मी आठही दारं रस्त्याकडे काढली होती, तात्या, कारण तिकडून सामानाची गाडी येते. एवढंच कारण होतं माझ्याकडे.

व्हिडिओ घेऊन मी खाली पळाले. काकूंनी तीनदा बघितला. मग फोन परत देत म्हणाल्या, ‘‘म्हणजे मागच्या खोलीचं दार पण फिरतं?’’

‘‘फिरतं की.’’

‘‘मग ते गल्लीकडून काढ. जिन्याकडं लाव. दुपारी मी आता तिथंच बसत जाईन. तू उतरताना दिसशील.’’

पाना घेतला. काकूंनी पॅनेल धरलं, तुमच्या त्या खाचांत हात घालून. बोल्ट काढता काढता माझ्याच्यानं राहवलं नाही आणि महिनाभर मनात ठेवलेलं त्यांना सांगून टाकलं. की मंगळवारीच मला जमलं होतं, की मी तुम्हाला सांगितलं नाही, दुधाची थाप मारून पळाले, आणि तुम्ही काहीच न कळता गेलात.

काकू हसायलाच लागल्या. पॅनेल हातातून सुटतंय का काय असं झालं.

‘‘अगं वेडे, त्या दिवशी सकाळी तूच नाही का माझ्याकडून वाटीभर दूध नेलंस, चहापुरतं? तुझ्याकडं दूध होतं कुठं? तू जिना चढेस्तोवर हे हसायले. मला म्हणाले, हिच्या घरी दूधच नाही. खोकं बघितलं तिनं. जमलंय तिला. रविवारपर्यंत सांगायची नाही बघ, नाटकी आहे. आणि उठून पान्याला तेल लावत बसले.’’

मी पान्याकडे बघत राहिले. सोमवारी तो फडक्यातून काढताना कुणी आणि कशासाठी गुंडाळून ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पाऊण तासात दार बसलं. एकही बोल्ट उरला नाही, सुतळी लागली नाही. काकू आत जाऊन तुमच्या स्टुलावर बसल्या. मी वर गेले आणि पुन्हा खाली यायला निघाले, नीट दिसते का ते बघायला. अर्ध्या जिन्यात होते तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली, ‘‘ये गं, चहा टाकते.’’